शिंकेनंतरची शांतता

३ फेब्रुवारी

पुन्हा! उठल्या उठल्या शिंकांची माळ. डोळ्यांतून पाणी, नाक लालभडक — सर्कसवाल्यानं पाहिलं असतं तर जागेवर नोकरी दिली असती. संस्कृतात याला 'क्षवथु' म्हणतात. भारदस्त शब्दानं नाक गळायचं थांबत नाही, हे पाठशाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या शिंकेनंतर सवयीनं थांबलो. कान देऊन. ही असती तर स्वयंपाकघरातून ओरडली असती — "स्वस्ति, पंडित!" माझ्या संस्कृताची टर उडवायची तिची रोजची रीत. लग्नापासून माझी एकही शिंक बिनउत्तराची गेली नव्हती.

पावसाळा सरता सरता ती गेली. मी अजून थांबतो.

५ फेब्रुवारी

संपादक म्हणाले, "एवढे शिंकताय, तर त्यावरच लिहा की! ॲलर्जी आणि घरगुती उपाय. अनुभवी माणूस आयता सापडलाय."

पूर लिहिले, आगी लिहिल्या, निवडणुका लिहिल्या. आता खास वार्ताहराकडून — स्वतःच्या नाकाची बातमी.

८ फेब्रुवारी

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लेखाचं निमित्त. हातावर थेंब टाकून सुईनं टोचलं. एक जागा गांध उठल्यासारखी फुगली.

"घरातली धूळ. म्हणजे तिच्यातले कीटक. डोळ्यांना दिसत नाहीत. गादी-उशीत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खाऊन जगतात. ते काही करत नाहीत हो, तुमचं शरीरच त्यांना शत्रू समजून लढत बसतं."

औषधाशिवाय काय करता येईल, विचारलं. "मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. पाणी उकळून गार केलेलंच. चादरी, अभ्रे कढत पाण्यात. मधानं ॲलर्जी जाते असं मात्र छापू नका, हात जोडते! आणि धाप लागली तर घरी काढे उकळत बसायचं नाही. सरळ इथं."

मग सहज — "बरेच दिवस न धुतलेली उशी वगैरे आहे का घरात?"

नाही म्हणालो.

९ फेब्रुवारी

आहे. पलंगावर हिच्या बाजूला. मधोमध डोक्याचा खळगा. अभ्रा तोच.

डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. ते कीटक तिच्या कोंड्यावर जगतायत. म्हणजे तिचं काहीतरी अजून या खोलीत जिवंत आहे — आणि तेच मला शिंकायला लावतंय. शिंकलो की मी थांबतो. कुणी काही म्हणत नाही. तरी उशी धुवायची नाही. लेखात लिहीन, घरी नाही.

१६ फेब्रुवारी

लेख छापून आला. धाकटी बहीणही आली, थोडे दिवस राहायला. कात्रण थेट फ्रिजच्या दारावर!

"लोकांना शहाणपण शिकवतोस दादा, आणि स्वतः?"

"मी नाक धुतो," म्हटलं.

"नाकाबरोबर घरही धुवायचं असतं."

१७ फेब्रुवारी

उद्या दौरा. आतल्या खोलीला हात लावू नकोस म्हणून बजावायला हवं होतं. पण कारण काय सांगणार? या वयात?

२१ फेब्रुवारी

परतलो तर घर उघडंबोडकं. पडदे दोरीवर. उशी — फाडून, आतला कापूस गच्चीत उन्हाला पसरलेला. अभ्रा कढत पाण्यातून निघून पांढरा शुभ्र.

"तुझ्याच लेखाप्रमाणे! चौथा मुद्दा!" ती अशी खूश, जणू परीक्षेत पहिली आली. केसांत कापूस, नाक वाहतंय. तोंडाला फडकं न बांधता दिवसभर झटकत बसली होती.

ओरडता येईना. लेखाखाली नाव माझंच.

कापसात खळगा शोधला. वेड्यासारखा.

२६ फेब्रुवारी

उपाय लागू पडला, लिहायला हरकत नाही. रात्रभर श्वास मोकळा. पंचेंद्रियं ठिकाणावर. शिंक नाही म्हणजे नाहीच. आता थांबायला निमित्तही उरलं नाही. घर इतकं स्वच्छ की पाऊल ठेवावंसं वाटत नाही.

आता बहीण शिंकते. म्हटलं, "पाचवा मुद्दा लिहितो — फडकं बांधा." तिनं ओला रुमाल फेकून मारला.

२८ फेब्रुवारी

संध्याकाळी दार उघडलं तोच बहीण समोर. चेहरा उतरलेला.

"दादा, चेष्टा पुरे आता. दुपारीच गुपचूप आलास, आणि आता दारातून येण्याचं नाटक! मी शिंकले की आतल्या खोलीतून 'स्वस्ति, पंडित' काय ओरडतोस सारखा? वहिनीचा आवाज इतका हुबेहूब — काटा येतो अंगावर. आज दुपारपासून तिसऱ्यांदा!"

मी सकाळपासून ऑफिसात होतो. बॅग अजून खांद्यालाच होती.

बूट न काढता आत गेलो. पलंगावर हिच्या बाजूला बसलो. पुन्हा भरलेल्या उशीच्या स्वच्छ अभ्र्यात तोंड खुपसलं, नाक चोळलं, जोरजोरात श्वास ओढला.

शिंक काही येईना.