ब्रेकमधली हवा आणि आईंचा पाय

इंदिरानगर, नाशिक

ती. निकिताताई यांना वैष्णवीचा वाकून नमस्कार (गाडीखाली झोपून कंबर धरली आहे, त्यामुळे पुरतं वाकता आलेलं नाही, तेवढं चालवून घ्या).

भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते नीट बघून ठेवा, डॉक्टर हमखास तेच विचारतात. सोलापूरच्या उन्हात फार फिरू देऊ नका. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि हे यावेळी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही.

झालं असं, की आमच्या गाडीचे ब्रेक मऊ झाले. लागायचे, नाही असं नाही. पण पाय आधी चहात भिजलेल्या पावात बुडाल्यासारखा खाली जायचा आणि मग गाडीला आठवायचं, की अरे, आपल्याला थांबायला सांगितलंय. तुमच्या बंधूंचं मत असं, की गाडी जुनी झाली की पेडल मऊ होतंच. हे मत पंचवटीतल्या भाजीबाजारात निकालात निघालं. योगेशने ब्रेक दाबला, गाडी विचार करत करत पुढे गेली आणि फ्लॉवरच्या ढिगाला नाक लावून थांबली. भाजीवालीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो खाली उतरून गाडीच्या वतीने माफी मागू लागला. आईंनी मात्र शांतपणे चेपलेले गड्डे निवडून घेतले, आणि त्यातही भाव पाडला. मग कितीतरी दिवस आमच्याकडे भाजी फ्लॉवरची, पराठे फ्लॉवरचे आणि भजीही फ्लॉवरचीच.

त्यात आई आणि मी तेव्हा बोलत नव्हतो. पाहुण्यांसमोर मी 'आमटीत मीठ जरा पुढे गेलंय' म्हणाले, एवढंच. त्यावर तुमच्या मातोश्रींनी, म्हणजे साक्षात बायडाबाईंनी, अबोला धरला. "योगेश, तिला सांग, दूध उतू चाललंय." (मी दुधाशेजारीच उभी.) आणि नेमका रविवारी भिकामामांच्या नातीचा साखरपुडा, तोही पेठच्या घाटापलीकडे. मामांच्या ऑपरेशननंतर आईंनी भावाला पाहिलेलं नव्हतं. लग्नसराईत भाड्याची गाडी मिळेना, आणि या गाडीने घाट उतरायला मी तयार नव्हते.

योगेशने व्हिडिओ पाहून ठरवलं, की ब्रेक पॅड झिजलेत. नवे घातले. पेडल तसंच. मग सातपूरला दिनेशच्या गॅरेजमध्ये नेली. (हा योगेशचा शाळासोबती. त्याने गाडी चालवून न पाहताच 'या मॉडेलचं पेडल असंच असतं, सवय करून घ्या' असं सांगितलं.) मी कंपनीत दिवसभर पार्ट तपासते, त्यामुळे 'असंच असतं' या शब्दांची मला ॲलर्जी आहे. मी स्वतः बसून पेडल भराभर दाबून पाहिलं, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी ते घट्ट लागलं. म्हणजे ब्रेकच्या नळीत कुठून तरी हवा शिरत होती. पण कुठून?

दुसऱ्या दिवशी पाहते तो मागच्या डाव्या चाकाखाली स्टीलची वाटी ठेवलेली! अंगण झाडताना आईंना तिथे ओलं दिसलं होतं. माझ्याशी बोलायचं नाही आणि योगेश आंघोळीला गेलेला, म्हणून त्यांनी वाटी ठेवून दिली. वाटीत ब्रेक ऑइलचे थेंब. मी ती वाटी तशीच दिनेशपुढे नेऊन ठेवली. त्याने मुकाट्याने चाक उघडलं, आतला छोटा सिलिंडर गळत होता तो बदलला, घाईघाईने सगळं बसवलं आणि मेव्हण्याच्या हळदीला निघून गेला. घरी येईपर्यंत कळलं, की पेडल अजून मऊच आहे. जुनी हवा आतच राहिली होती. आणि दुसऱ्या दिवशी साखरपुडा!

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची आणि पुन्हा आवळायचा. नट आवळेपर्यंत पेडल सोडलं, की हवा परत आत. योगेशला बसवलं, तर दर वेळी त्याचा फोन वाजे आणि पाय सुटे. शेवटी आई उठल्या, त्याला हाताला धरून उतरवलं, नऊवारीचा काष्टा सावरला आणि अनवाणी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"दाबा," मी चाकापासून ओरडले.

"दाबलं."

"धरा, सोडू नका!"

"धरलंय. मीठ लय नव्हतं."

"आई, धरा हो! आता सोडा. दाबा."

"दाबलं. तुझ्या माहेरी आळणी खात्यात, त्याला मी काय करू?"

नळीतून बुडबुडे निघत होते आणि वरून आईंच्या पोटातलं. मी नट आवळता आवळता म्हणाले, "आई, मी ते पाहुण्यांसमोर नाही, नंतर घरात बोलायला हवं होतं." वरून आवाज आला, "बरं. पण मीठ पडलंच व्हतं जरा जास्ती. सोडू का आता?"

सगळी चाकं झाली, तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट लागत होतं. आई सीटवर बसून हसत होत्या. रविवारी घाटात एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. योगेशने ब्रेक लावला आणि गाडी जागच्या जागी उभी. शेजारच्या सीटवर बसलेल्या आईंनीही पाय खाली दाबून धरला होता. मामांनी दारातच बहिणीला मिठी मारली, दोघंही खूप रडली, आणि मग आईंनी अख्ख्या मांडवाला सांगितलं, "ब्रेक आम्ही दोघींनी केले." योगेश जिलेबीकडे पाहत राहिला.

मुलांना गोड पापा.

तुमची भावजय,
वैष्णवी

ता. क. आईंना त्या सीटची गोडी लागली आहे. गाडी शिकायची म्हणतात. योगेश नाही म्हणतो. तुम्ही मोठ्या बहीण, तुमचं तो ऐकेल. त्याला जरा फोन करा.

ता. क. २ खरं सांगायचं तर शिकवणी सुरू झाली आहे. कॉलनीमागच्या मैदानात आईंनी ब्रेक अगदी वेळेवर लावला, पण कडुनिंब बाजूने आला. तुम्ही शनिवारी येताय ना? आल्या आल्या योगेशकडे चावी मागा, एक चक्कर मारा आणि डाव्या बाजूचा आरसा तुमच्याकडून तुटला म्हणून सांगा. फार जोर लावावा लागणार नाही, आम्ही तो चिकटपट्टीवरच ठेवला आहे.