गहाळ वस्तू सोडवून नेण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी खात्रीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत पोहोचले. ते स्वतः माझ्याबरोबर मोजत होते आणि एकोणऐंशीला अडखळले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण देण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नाही. आता एक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच माझ्याजवळ नाही. तिच्याबद्दल कलम चार पाहावे.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर माझ्या भाचीला मिळावे. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून मग ढकलावी लागते, हे तिला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लकही तिचीच. फार नाही, पण स्वच्छ आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

कलम दोन. माझी लाल पेने, भिंग आणि दोन्ही शब्दकोश छापखान्यातल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला द्यावेत. तो खिळे जुळवायचा आणि मी त्याच्या चुका काढायची. तीस वर्षे त्याने मला "आल्या, मास्तरीणबाई आल्या" असे म्हणून छळले. आता त्याने स्वतःच्या चुका स्वतः शोधाव्यात. थोरल्या शब्दकोशात 'ग' अक्षरापाशी एक पाकीट आहे. ते आधी भाचीने काढून घ्यावे.

कलम तीन. माझी लाकडी शिडी अकरा वर्षांपासून माझ्या धाकट्या भावाकडे आहे. दोन दिवसांसाठी नेली होती. ती मी त्याला कायमची देत आहे. यापुढे ती परत न करण्याचा त्याला पूर्ण हक्क राहील.

कलम चार. व्हायोलिन. हे कलम लांब आहे. भाचीने बसून वाचावे.

कॉन्व्हेंट शाळा सोडताना संगीत शिकवणाऱ्या सिस्टरांनी त्यांचे स्वतःचे व्हायोलिन मला दिले. मागच्या लाकडावर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे, आणि हनुवटीपाशी पॉलिश उडालेले. आधी सिस्टरांच्या हनुवटीने उडवले, मग माझ्या, मग भाचीच्या. भाची नऊ वर्षांची असताना माझी बहीण गेली आणि ती माझ्याकडे राहायला आली. पहिले वर्षभर ती जे वाजवत होती, त्याने खालच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू बदलले. पुढे असे वाजवू लागली की तिसरे भाडेकरू खिडकी उघडी ठेवू लागले.

तिला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा फी भरायला चार दिवस होते. मी व्हायोलिन कोपऱ्यावरच्या गहाणवटीच्या दुकानात ठेवले आणि तिला सांगितले की दुरुस्तीला दिले आहे. गेली तीन वर्षे ती विचारते, "मावशी, तुझा तो दुरुस्तीवाला आधी झाड लावून लाकूड तयार करतोय का गं?" मी म्हणते, "चांगल्या कामाला वेळ लागतो."

बाळा, ते खोटे होते.

पाचव्या महिन्यात मी मुद्दल आणि व्याज पाकिटात घालून दुकानात गेले. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली शेठ म्हणते, आत गेले. त्यांनी फळ्या पाहिल्या, पोटमाळा पाहिला, मागच्या खोलीतल्या पलंगाखालीही वाकून पाहिले. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि घामावर चष्मा.

"बाई, होतं इथंच."

"होतं म्हणजे?"

"म्हणजे आत्ता दिसत नाहीये."

"शेठ, ते व्हायोलिन आहे, सुई नव्हे."

मी पावती काढली आणि उलटी करून अटी वाचल्या. अट पाचवी: 'गहाळ वस्तू सहा महिन्यांच्या आत सोडवून नेणे ग्राहकावर बंधनकारक आहे.' तिथे 'गहाण' हवे होते. शेठची पावतीपुस्तके आमच्याच छापखान्यात छापली जात आणि त्यांची प्रुफे मीच तपासली होती. जुळाऱ्याने 'ण'च्या जागी 'ळ' बसवला आणि मी तो जाऊ दिला. बावीस वर्षे ती अट तशीच छापली जात होती. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण अटी कोणी वाचतच नाही. माझ्या हातून एवढी एकच चूक सुटली असे मी म्हणणार नाही, पण परत येऊन मलाच चावलेली ही एकच.

मी म्हटले, "शेठ, मी अट पाळायला आलेय. वस्तू गहाळ झालीय आणि मुदत अजून संपलेली नाही. द्या सोडवून."

ते हसले, मग वाचले, मग रडवेले झाले. "पण बाई, हे तपासलं तुम्हीच ना?"

मी पावती घडी करून पिशवीत ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी शेठचा जावई कागद घेऊन घरी आला. "मावशी, तुमचं कर्ज माफ. मूळ पावती द्या, इथे सही करा, विषय संपला. आणि हा जांभळा शिक्का बघा पावतीवर, 'हरवल्यास दुकान जबाबदार नाही.' आम्ही तरी माणुसकी दाखवतोय."

मी म्हटले, "कर्ज माफ करून तू माझं व्हायोलिन पाव किमतीत विकत घेतोयस. याला माणुसकी नाही, घासाघीस म्हणतात." चहा मात्र त्याला दिला. बिस्किटे दिली नाहीत.

मग मी ग्राहक मदत केंद्रात गेले. तिथल्या मुलीने जे सांगितले ते भाचीने पाठ करावे. गहाण ठेवलेली वस्तू आपलीच राहते, दुकान तिचे फक्त राखणदार असते, आणि शिक्का मारून राखणदाराला झोपा काढता येत नाहीत. भरपाई मागायची ती वस्तूच्या खऱ्या किमतीची, दिलेल्या कर्जाएवढी नव्हे. त्यातून मुद्दल वजा होईल. ज्या दिवशी मी पैसे घेऊन गेले आणि वस्तू मिळाली नाही, त्या दिवसापुढचे व्याज द्यायचे नाही. मूळ पावती कोणाच्याही हाती द्यायची नाही, मागितली तर प्रत द्यायची.

अडले आहे ते एकाच ठिकाणी. व्हायोलिन हरवले, असे दुकानाने आजवर लिहून दिलेले नाही. दर तीन महिन्यांनी जावयाचे पत्र येते, 'शोध चालू आहे.' शोध चालू आहे तोवर वस्तू हरवलेली नाही, असे त्याचे म्हणणे. केंद्रातली मुलगी म्हणाली, "आजी, तेवढी एक ओळ त्यांच्या हातची मिळाली ना, की बाकी सगळं सोपं आहे." आजी म्हटल्याबद्दल मी तिला माफ केले आहे.

म्हणून मूळ पावती, व्हायोलिनची किंमत सांगणारे वाद्यवाल्याचे पत्र, बाराव्या वर्षी व्हायोलिन हातात धरून काढलेला भाचीचा फोटो, आणि या दाव्यावरचा माझा सर्व हक्क मी भाचीला देत आहे. पहिल्या तीन वस्तू कलम दोनमधल्या पाकिटात आहेत. तिने जावयाच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. शेठशी मात्र उर्मटपणे बोलू नये. त्यांनी वस्तू हरवली आहे, लाज नाही.

कलम पाच. शेठना मी काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. हा नियम मला फार आवडला, आणि म्हणून दुसरे साक्षीदार मी त्यांनाच केले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असेही वकील म्हणाले. ते माझ्या घरात चालणार नाही. न वाचता सही करणाऱ्या मुलीला आमच्या सिस्टर तासभर उभे करत. शेठनी बसून वाचावे, पण सगळे वाचावे. सहीखाली मी थोडी जागा सोडली आहे. कोणावर बळजबरी नाही.

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: ९ मार्च २०२४, शनिवार, सकाळी साडेदहा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार एक, डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. बुद्धी उत्तम. शेठ आल्यावर रक्तदाब थोडा वाढला, काळजीचे कारण नाही. (सही)

साक्षीदार दोन, गहाणवटीचे दुकानदार: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी हे दोनदा वाचले. व्हायोलिन माझ्या दुकानातून हरवले आहे. शोध केव्हाच थांबला. पत्रे जावई पाठवत होता आणि मी गप्प बसत होतो. वाद्यवाल्याने लिहिलेली पूर्ण किंमत, मुद्दल वजा करून, मी देणे लागतो. कलम चार बाईंच्या माघारी उघडायची वेळ मी येऊ देणार नाही. सोमवारी दुकान उघडले की पहिले काम तेच, पावती परत न मागता. जावयाचे मी बघतो. भाचीला खरे काय ते मात्र बाईंनी स्वतः आणि जिवंतपणी सांगावे. तेवढे माझ्याच्याने होणार नाही. (सही)