कठडा दिसत नाही

१४ मार्च, दुपार

प्रिय खारूताई,

खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. कुंड्यांना पालवी फुटलीय, वर्कशॉपच्या शटरला तेल घातल्यापासून ते कुरकुरत नाही. तुझा खोकला गेला का? बघ, कालच बोलल्यासारखं विचारतेय. दोन वर्षं झाली की गं.

सध्या माझ्या दुपारी कॉम्प्युटरसमोर जातात. हसू नकोस. ग्रंथालयासाठी लोखंडी गोल जिना करतोय. तो निम्मा झाला आणि काम अडलं. पुढचं ड्रॉइंग बाबांच्या फाइलमध्ये, आणि त्यांचं सॉफ्टवेअर एक दिवस उघडेचना. कंपनी म्हणाली, ते बंद केलं, नवं घ्या. नव्यात जुनी फाइल उघडत नाही. जिना आपला, रेषा आपल्या, कुलूप मात्र त्यांचं.

आपला वेल्डर मान खाजवत म्हणाला, "वहिनी, ताई काहीतरी बनवत होती ना? कुठल्याही कंपनीची फाइल उघडणारं?"

"ते फुकटचं?"

"फुकटचं म्हणजे वाईट असतं का?"

"दुसऱ्यांच्या कुलपांना फुकट किल्ल्या करत बसतेस," असं बाबा तुला म्हणाले आणि तू भरल्या ताटावरून उठून गेलीस, तेव्हा तो दारातच उभा होता.

मग तुम्हा लोकांचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. काळ्या पडद्यावर पायऱ्या एकेक करून उमलल्या, कशालाही न टेकता. माउस हलवला की अख्खा जिना सावकाश गिरकी घ्यायचा. खोलीत ऊन पेंगत होतं. मला वाटलं, मीच त्यावरून वर चाललेय. खाली जमीन नाही, वर छत नाही, आणि भीतीही नाही. फक्त धरायला कठडा नव्हता.

तुमच्या नेटवरच्या पानावर मी वर्कशॉपच्या नावाने लिहिलं, "पायऱ्या येतात, कठडा दिसत नाही." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "वळत वर जाणारी रेषा ती कंपनी वेगळ्याच पद्धतीने साठवते आणि ती पद्धत कुणाला सांगत नाही. आम्ही नमुने ताडून शोधतोय. तुमची फाइल पाठवाल का? मी आजच बसते."

'मी आजच बसते.' शाळेत असल्यापासून तू असंच म्हणतेस. फाइल पाठवली, नाव नाही सांगितलं. तूही विचारलं नाहीस. पण बाबांच्या हातचं ड्रॉइंग तू ओळखलं नसशील, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही.

ते स्वतः का लिहीत नाहीत, असं मनात आलं असेल. तेच सांगायचं मी टाळत होते. हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि शब्द गेले. पाणी हवं असलं तरी नुसते बघत राहतात. "लेकीला कळवू का?" विचारलं तर मान फिरवली. रागाने की लाजेने, मला कळेना. मग मी कळवलं नाही.

तू दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर आलं, त्या दुपारी त्यांची खुर्ची पडद्यासमोर ओढली. पायऱ्या आल्या, आणि त्यांच्या कडेकडेने कठडा आला, कुणी हवेत बोट फिरवत वर न्यावं तसा. बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग डावा हात काचेवर ठेवला, तळापासून टोकापर्यंत नेला आणि म्हणाले, "चुकलं."

इतक्या दिवसांनी पहिला शब्द, आणि तो हा! वेल्डरला हाक मारली. ग्रंथालयात घेतलेल्या मापांशी आणि तयार पायऱ्यांशी सगळा कठडा ताडून पाहिला. सूतभरही फरक नव्हता.

"अहो, बरोबर आहे सगळं," मी म्हटलं.

त्यांनी जोरात मान हलवली. पडद्याच्या कोपऱ्यात तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव होतं, त्यावर बोट टेकवलं. "माझं," म्हणाले. बराच वेळ ओठ नुसते हलत राहिले. "माझं चुकलं."

त्यानंतर पुन्हा काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी जेवले नीट.

आता जिना पुरा झालाय, येत्या गुरुवारी ग्रंथालयात उभा राहील. आधी आपणच चढणार म्हणून बाबा हटून बसलेत, तेही एक शब्द न बोलता. डॉक्टर म्हणाले, चढू द्या, पण मागे कुणीतरी हवं. जिना अरुंद आहे, मागे एकच माणूस मावतं. आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत.

तुझी वाट बघणारी, आणि वाट बघतोय हे सांगता न येणाऱ्याच्या शेजारी बसलेली,

आई