माझ्या बगळ्याचे तोंड

मी, हो थी न्हान, कै. फान क्वी यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार जुनी राजधानी हुए, नदीकाठ. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागे काय व्हावे ते लिहून ठेवते.

१. घर आणि पूर्वजांच्या पूजेची चौकी मुलगा खाङ याला. पावसाआधी कौले शाकारावीत. आळशी आहे म्हणून लिहावे लागते.

२. चहाचा संच थुक जाऊबाईंना. दरबारी झग्याच्या छातीवर नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे कशिद्याचा पक्षी असे; त्यांच्या झग्यावर पहिल्या दर्जाचा क्रौंच, आमच्यावर सहाव्या दर्जाचा बगळा. लग्नकार्यात त्या वर बसायच्या, मी खाली. मी दिसले की म्हणायच्या, "मासे झाका गं, बगळी आली!" पुढे राजाने गादी सोडली. दरबार संपला, तेव्हा त्या आपल्या झग्यावरच्या क्रौंचाची उशी करून घेऊन आल्या. "न्हान, सरक जरा. आता मला शेजारी बसू दे." माझा राग त्याच दिवशी गेला.

३. माझा झगा खाङला संग्रहालयात द्यायचा आहे. देऊ नये. तो अंगावर घालूनच मला पुरावे.

नवरा-बायकोचे पक्षी समोरासमोर हवेत. आमच्या कशिदाकाराने एकाच चित्रावरून दोन्ही काढले, दोघेही घालणाऱ्याच्या डावीकडे बघणारे. शेजारी बसलो की एक बघायचा, दुसरा पाठ फिरवायचा. जागा बदलली तरी तेच. "आज रुसायची पाळी तुझ्या बगळ्याची," हे म्हणायचे. नवा काढून घेऊ म्हटले, तर म्हणाले, "राहू दे गं. रुसवा काढायला निमित्त लागतं."

त्यांना त्यांच्या झग्यातच पुरले. माझी जागा त्यांच्या डाव्या हाताला आहे. म्हणजे त्यांचा बगळा माझ्याकडे बघणार आणि माझा कायमचा पाठ करून राहणार. आता जागा बदलता येणार नाही. म्हणून छातीवरचा कशिद्याचा चौकोन उसवून उलटा शिवावा. मागच्या गाठी, सुटे धागे दिसतील. दिसू देत. लोक हसतील, हसू देत. तोंड त्यांच्याकडे झाले पाहिजे.

सही: हो थी न्हान
हुए, रेड्याचे वर्ष, दुसरा महिना, इ. स. १९६१

साक्षीदार:
१. ले व्हान तुए, शेजारी
२. ट्रान थी थुक, थोरली जाऊ. वाचून सही केली. चौकोन मी आजच उसवून घेऊन जाते. माझ्या हाताला कंप सुटायच्या आत शिवून ठेवीन.