काठीच्या मुठीवरचा कोश

आबा,

मी कामाला चालले. भाकरी दुरडीत आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. ओट्यावरच्या तुमच्या काठीला मात्र आज हात लावू नका.

कढीपत्त्यावर चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी अळी होती, आठवतंय ना? तुम्ही “झटकून टाक” म्हणाला होतात. ती पानं खाऊन हिरवीगार, करंगळीएवढी झाली आणि दिसेनाशी झाली. आज झाडताना सापडली. तुमच्या काठीच्या बरोबर मुठीवर, कमरेला रेशमाचा धागा बांधून कोशात बसली आहे. हिरवा कोश आता काळपट झालाय, आतल्या पंखांचे पिवळे ठिपके बाहेरून दिसतात. म्हणजे आज-उद्या फुलपाखरू निघणार.

आता हिशेब बघा. असा कोश पिकायला आठवडा तरी लागतो. मुठीवर कुणाचा हात पडला असता तर तो केव्हाच चिरडला असता. काठीशिवाय तर तुम्ही पायरीही उतरत नाही. आणि तरी रोज वलवणच्या धरणापर्यंत चालून येताय, तिथलं पाणी किती चढलं ते सांगताय, वर दमलो म्हणून माझ्याकडून गूळपापडी वसूल करताय.

तुमच्या लेकाला मी काही बोललेले नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही धरणाच्या उतारावर पडलात, तेव्हा मीही घाबरले होते.

काठी फुलपाखराला राहू द्या. पंख वाळेपर्यंत त्यालाही कशाला तरी धरून राहावं लागतं. संध्याकाळी तुम्ही माझा खांदा धरा. फाटकापर्यंतच जाऊ, धरण नंतर बघू. गूळपापडी परत आल्यावर.

यशोधरा