सर्दी गेली की या

शनिवार, ७ तारीख

ती. आबा,
नमस्कार.

टिल्लीची छाती स्वच्छ आहे. काल संध्याकाळी डॉक्टरबाईंनी पुढून-मागून नळी लावून नीट ऐकलं आणि तसं सांगितलं. कान ठीक, दमा नाही, वजन वयाला साजेसं. नाक तेवढं वाहतंय. पाळणाघर सुरू झाल्यापासूनची ही आठवी सर्दी.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमचा मुलगा दर रविवारी तुम्हाला भेटून येतो आणि मी विचारलं की म्हणतो, "बरे आहेत." याहून लांब बातमी त्याच्या तोंडून कधी निघालीय का? फोन करणार होते. पण करवतीच्या आवाजाने तुमचे कान गेलेत, आणि काही गोष्टी बोलायच्या म्हटलं की माझा आवाज जातो. म्हणून पत्र, उद्या त्याच्याच हाती देते.

आम्ही तिला पातेल्याची वाफ देत होतो, त्याबद्दल डॉक्टरबाईंची बोलणी खाल्ली. "दोन वर्षांचं पोर ते. हात मारला की पाणी अंगावर! बंद करा." खोकल्याचं औषधही बंद. मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात, ते नाकात दोन-दोन, मग मऊ कापडाने पुसायचं. भरपूर पाणी, भरपूर झोप. श्वास जोरात चालला, खाणंपिणं सुटलं किंवा ताप उतरेना, तर मात्र थांबायचं नाही. बाकी, पहिल्यांदाच चार मुलांत गेलेल्या मुलाला वर्षात आठ-दहा सर्द्या व्हायच्याच, म्हणाल्या. चार-पाच वर्षांची झाली की कमी होतील.

मी विचारलं, "घरात कोणी लाकडाचं काम करणारं असेल, तर त्यांच्या कपड्यांवरच्या भुशाने होत असेल का?"

"कोण करतं?"

"आजोबा."

"ते शेवटचे कधी आले होते?"

"चार महिन्यांपूर्वी."

"आणि त्यानंतर सर्दी किती वेळा?"

पाच वेळा, आबा. हे सांगताना मी त्यांच्या चष्म्याच्या सैल स्क्रूकडे बघत बसले.

"मग भुशाला कशाला बोल लावता?" त्या म्हणाल्या. "कपडे झटकावेत, हात धुवावेत. संपलं."

दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचेवरचा कण शोधायचा, हे माझं काम. घरी येऊनही मी तेच करत राहिले. आणि कण सापडला तो तुमच्या बाहीवर.

काल तिथे आणखी एक गोष्ट झाली. नाक पुसायचं म्हणजे घरी आमची कुस्ती असते. एकाने हात धरायचे, एकाने डोकं, आणि शेजारच्या काकू येऊन विचारणार, "काय मारताय का पोरीला?" काल थेंब घातल्यावर नर्सने कापड हातात घेतलं, तशी टिल्ली रडायची थांबली. मान वर केली, नाक पुढे काढलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "लंधा."

नर्सला कळेना. मलाही कळेना. तुमचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "रंधा. आबा म्हणायचे, चला, रंधा मारू. एका झटक्यात पुसायचे आणि तिला दाखवायचे, बघ केवढा छिलका निघाला!"

नर्स इतकी हसली! मला हसता आलं नाही. दुपारभर तुम्ही तिच्याजवळ असायचात तेव्हा मी दुकानात असायची. पोरगी तुमच्यापुढे नाक कशी धरते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. त्या दिवशी मी दार अर्धंच उघडलं होतं. तुमच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मी म्हटलं, "आबा, हिची सर्दी गेली की या." तुम्ही "बरं, चष्मेवाली" म्हणालात, ते उंबऱ्याशी ठेवलंत आणि जिना उतरलात. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी पाहत होते. हाक मारली नाही.

सर्दी काही जाणार नव्हती. एक संपायच्या आत दुसरी यायची. तुम्ही मात्र माझा शब्द धरून बसलात. मला वाटायचं, रागावले असतील. काल तुमच्या मुलाने सांगितलं, दर रविवारी तुम्ही त्याला एवढंच विचारता: "गेली का रे सर्दी?"

कागदातलं ते मी न उघडताच माळ्यावर टाकलं होतं, भुसा असेल म्हणून. आज सकाळी काढलं. स्टूल. कडा इतक्या घासलेल्या की बोट फिरवलं तरी लागत नाही. टिल्लीला त्यावर उभं केलं, तर तिचे हात बरोबर बेसिनच्या नळाखाली आले. उंची तुम्ही कधी मोजलीत, आबा? सकाळपासून तिने सहा वेळा हात धुतलेत. मधूनच बाहुलीला रंधा मारते.

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आहे. साडेतीनला टिल्ली पाळणाघरातून येईल. नाक तेव्हाही वाहत असेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून आठवडाभर तरी चालेल. तुम्ही या. दार मीच उघडेन, पूर्ण.

तुमची, अजून तसं म्हणत असाल तर,
चष्मेवाली