आईच्या नावाचं ताट

शनिवार, १२ जुलै २००८, स्टुटगार्ट

आज आमच्या रस्त्यावर श्ट्रासनफेस्ट होतं, म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांचं रस्त्यावरच एकत्र जेवण. ताट घरून न्यायचं, म्हणून आईचं स्टीलचं नेलं. ती गेल्यावर मी एवढंच मागून आणलं होतं. लहानपणी गावच्या राजवाड्यातल्या लग्नाची पंगत आमच्या गल्लीत बसली, तेव्हाही ताटं घरूनच न्यायची होती आणि मी ह्याच ताटात जेवले होते. गर्दीत ते हरवलं, पण कोरलेलं नाव वाचून कुणीतरी घरी आणून दिलं. आजच का आठवावं हे?

शेजारच्या बाईंनी माझ्या लेकीला, ईराला, ताटावरच्या त्या अक्षरांबद्दल विचारलं. ती इथेच वाढलेली, मराठी वाचायला कधी शिकलीच नाही; ताट फिरवून फिरवून बघत राहिली. मग मला म्हणाली, "ममा, वास श्टेट दा?" काय लिहिलंय, म्हणे.

आजीचं नाव, बाळा.

उद्या हे ताट कुठे राहिलं, तर नाव वाचून कोण आणून देणार? माझी लेकसुद्धा नाही.